लाकडी बांधकामातील सांधे

लाकडी बांधकामातील सांधे : घर, देऊळ, पूल इ. बांधकामांत दोन किंवा अधिक लाकडी घटक एकत्र आणून त्यांच्यातून भार सुरक्षितपणे पुढे जावा, यासाठी त्यांच्या टोकांना वा अंगांना विशिष्ट आकार देतात आणि जरूर तेथे खुंटी, पाचर, दोर, खिळा अथवा बोल्ट यांची जोड देतात. अशा रचनेस सांधा म्हणतात. लाकडी इमारत मोडते ती बहुधा खांबाच्या वा तुळईच्या मधोमध नव्हे, तर सांध्यापाशी. त्यामुळे लाकडाची जात व जाडी यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्व सांध्याला असते.

लाकडी घरांचे रचनेच्या दृष्टीने दोन मुख्य प्रकार पडतात. सरळ व उंच वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांच्या थंड प्रदेशांत अखंड ओंडके आडवे एकावर एक रचून भिंती उभारतात. याला ओंडक्यांचे घर म्हणता येईल. उष्ण व पावसाळी प्रदेशांत ओंडके खांब म्हणून उभे करतात, त्यांवर तुळया ठेवून सांगाडा तयार करतात आणि मधल्या जागा कूड, माती किंवा विटा यांनी भरून काढतात. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, हा दुसरा प्रकार रूढ आहे. मुंबईची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथील वनवासी पाड्यांतील झोपड्या, गावठाणांतील जुनी घरे व रेल्वे आल्यानंतर उभ्या राहिलेल्या चाळी यांत या प्रकाराच्या निरनिराळ्या अवस्था आढळतात. प्रस्तुत नोंदीत दोन्ही प्रकारांतील सांध्यांची तत्त्वे सांगून त्यांच्या टिकाऊपणाचा व दुरुस्तीचा विचार केला आहे.

लाकडाचे गुणधर्म व सांधा : लाकूड सर्व दिशांनी सारखे नसते. तंतूंच्या दिशेने ते पुष्कळ ताण व दाब सोसते. तंतूंना आडव्या दिशेने मात्र ते सहज दबते आणि ताण पडल्यास चिरते. वाळताना तंतूंच्या दिशेने होणारे आकुंचन सामान्यतः हजारात एक-दोन भाग एवढेच असते. आडव्या दिशेने ते शेकड्यात कित्येक भाग होते आणि वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून अखंड ओंडका वाळताना त्याला गाभ्यापासून सालीपर्यंत चीर पडते. शिवाय वाळलेले लाकूडही पावसाळ्यात हवेतील ओल शोषून फुगते व उन्हाळ्यात पुन्हा आकसते.

यावरून चांगल्या सांध्याच्या तीन कसोट्या ठरतात : (१) भार ज्या दिशेने येतो त्या दिशेला लाकडाचे बळकट अंग यावे; (२) लाकडाच्या फुगण्या-आकसण्याला वाव असावा; (३) सांध्यात पाणी शिरू नये आणि शिरलेच तर ते अडून न राहता निघून जावे. निरनिराळ्या देशांत परंपरेने जे सांधे टिकून राहिले, ते या तिन्ही कसोट्यांना उतरलेले दिसतात.

इतिहास : खाच पाडून लाकूड लाकडात बसविण्याची कल्पना अतिप्राचीन आहे. आफ्रिकेतील झांबिया देशात कलांबो धबधब्याजवळ हेतुपुरस्सर पाडलेल्या खाचेने एकमेकांत अडकविलेले दोन ओंडके सापडले असून ते किमान ४,७६,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आजचा मानव अवतरण्यापूर्वीच हे तंत्र माहीत होते. जर्मनीतील लाइपसिकच्या परिसरात नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ओक लाकडाने बांधलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्या आहेत. त्यांच्या कोपऱ्यांना खाचेचे सांधे आहेत. जपानमधील नारा येथील शोसोइन हे आठव्या शतकातील कोठार त्रिकोणी छेदाचे ओंडके आडवे रचून बांधले आहे. रशियातील किझी बेटावरील बावीस घुमटांचे चर्च (१७१४) आडव्या ओंडक्यांच्या बांधकामाचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. उत्तर अमेरिकेत ही पद्धत सतराव्या शतकात डेलावेअर नदीकाठच्या स्वीडिश व फिनिश वसाहतवाल्यांनी नेली.

महाराष्ट्रात लाकडी बांधकामाचा सर्वांत जुना पुरावा दगडात आहे. भाजे येथील इ. स. पू. दुसऱ्या शतकातील चैत्यगृहाचे खांब आत किंचित कललेले असून ते लाकडी खांबांचे अनुकरण आहे. दर्शनी भागातील लाकडी काम खडकात जेथे अडकविले होते तेथील खाचाही दिसतात. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताखालील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही शाबूत आहेत. बोरिवलीनजीकच्या कान्हेरी येथील तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह कार्ल्याच्याच धर्तीवर खोदलेले आहे. पाऊस व जमिनीची ओल यांपासून दूर राहिलेले लाकूड किती टिकते, याचे कार्ल्याच्या कमानी हे बोलके प्रमाण होय.

आडव्या ओंडक्यांचे सांधे : या प्रकारात मुख्य सांधा भिंतींच्या कोपऱ्यात असतो. सर्वांत सोपा सांधा खोगिरी खाचेचा. यात वरच्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला अर्धगोल खाच पाडून तो खालच्या आडव्या ओंडक्यावर खोगिरासारखा बसवितात. खाच खालच्या ओंडक्याच्या वरच्या अंगालाही पाडता येईल आणि ते काम सोपेही जाते; पण अशी वर तोंड असलेली खाच वाटीसारखी पाणी धरून ठेवते व काही वर्षांतच कोपरा कुजतो. खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटाला पाडावी, हा नियम त्यातूनच आला.

चौरस तासलेल्या ओंडक्यांसाठी डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखा, टोकाकडे रुंद होत जाणारा) सांधा वापरतात. त्याची सर्व पृष्ठे उतरती असल्याने ओंडके बाहेर सरकू शकत नाहीत, वरचा भार जसजसा वाढतो तसतसा सांधा अधिक आवळला जातो आणि पाणीही बाहेर निथळते. दोन ओंडक्यांमधील लांबलचक फट बुजविण्यासाठी वरच्या ओंडक्याच्या पोटाला खालच्या ओंडक्याच्या उंचसखलपणाबरहुकूम पन्हाळीसारखी खाच कोरतात. हा आकार एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर उतरविण्यासाठी परकारासारखे दोन टोकांचे साधन वापरतात. पन्हाळीत शेवाळ, लोकर किंवा ताग भरतात.

ओल्या ओंडक्यांची भिंत वाळताना उंचीने कमी होते. हा खचाव गोल ओंडक्यांच्या बाबतीत उंचीच्या सुमारे शेकडा चार ते सहापर्यंत जाऊ शकतो; म्हणजे २·४ मी. उंचीची भिंत १० ते १५ सेंमी. खाली येते. याउलट दाराची चौकट किंवा मधला उभा खांब तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. म्हणून दारे-खिडक्यांच्या वर मोकळी फट ठेवतात, चौकट ओंडक्यांना पक्की न ठोकता उभ्या खाचेत सरकती बसवितात आणि उभ्या खांबांच्या बुडाशी कमीजास्त करता येणारे स्क्रू ठेवतात. ओंडक्यांना एकमेकांत गुंतविणाऱ्या लाकडी खुंट्यांच्या डोक्यावरही मोकळी जागा ठेवावी लागते. नाही तर भिंत ओंडक्यांवर न टेकता खुंट्यांवर लटकते व फटी पडतात.

भारतात या प्रकाराला जवळची पद्धत हिमाचल प्रदेशातील काठकुणी होय. तीत देवदाराच्या तुळया व दगड यांचे थर आळीपाळीने रचतात आणि कोपऱ्यांत तुळया एकमेकींत अडकवितात.

उभ्या खांबांच्या चौकटीचे सांधे : कोकणातील सर्वांत साधा सांधा दुबेळक्याचा. फांदी फुटलेल्या जागी खांब तोडला की त्याच्या डोक्यावर नैसर्गिक बेचके मिळते. त्यात आढे किंवा तुळई टेकवून झाडाच्या सालीने, वेलीने वा काथ्याने बांधतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील व आरेच्या भागातील पाड्यांवर जुन्या पद्धतीची जी वारली घरे होती, त्यांचा सांगाडा असाच असून भिंती कारवीच्या कुडाच्या व वरून शेणमातीने लिंपलेल्या असत. दुबेळक्यात तंतू कापले जात नाहीत, ते फांदीबरोबर वळतात. त्यामुळे हा सांधा दिसायला ओबडधोबड असला, तरी बळाने कमी नाही. बांधलेला दोर दर काही वर्षांनी बदलता येतो, हाही त्याचा गुणच.

सुताराच्या हातच्या घरात मुख्य सांधा कुसवाचा. एका घटकाच्या टोकाला जाडी कमी करून काढलेल्या जिभेला कुसू म्हणतात. ते दुसऱ्या घटकात पाडलेल्या चौकोनी खोबणीत बसते. कुसवाची जाडी सामान्यतः लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. ती जास्त ठेवल्यास खोबणीच्या कडा दुबळ्या होतात, कमी ठेवल्यास कुसू तुटते. कुसवाच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या सपाट भागास खांदा म्हणतात. खरा भार खांद्यावरून जातो. कुसवाचे काम घटकाला जागच्या जागी धरून ठेवण्याचे. म्हणून खांदा गुण्याला बिनचूक बसणे महत्त्वाचे असते. सांध्यातून आरपार लाकडी खुंटी मारतात. जाणकार सुतार कुसवातील भोक खोबणीतील भोकापेक्षा दोन-तीन मिमी. खांद्याच्या बाजूला पाडतो. खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते व सांधा घट्ट होतो. मात्र भोक कुसवाच्या टोकापासून पुरेसे दूर हवे. ते जवळ पडल्यास टोकाचा भाग तंतूंच्या दिशेने ढलपीसारखा निसटतो.

तुळई लांबीला अपुरी पडल्यास दोन तुकडे एकापुढे एक जोडावे लागतात. असा लांबीचा जोड तिरकस कापाचा असून त्याची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान तीन-चार पट असावी लागते. तो गाळ्याच्या मधोमध कधीही घेत नाहीत, कारण तेथे तुळई सर्वांत जास्त वाकते. तो खांबावर वा खांबाच्या जवळ घेतात. खांब व तुळई यांच्यामध्ये आडवा हस्त (दोन्ही बाजूंना पुढे आलेला लाकडी आधार) बसविल्यास तुळईचा आधार रुंदावतो, गाळा प्रत्यक्षात लहान होतो आणि जोडालाही टेकण मिळते. पुण्यातील विश्रामबाग वाड्यासारख्या (१८०७) पेशवाईतील वाड्यांत खांबांच्या माथ्यावरील नक्षीकाम नजरेत भरते. पण नक्षीच्या आतील हस्त मुळात असा भारवाहक असतो.

खांबाचे बूड : खांब जमिनीत पुरला, तर तो भार वाहतो व कलंडतही नाही, पण मातीत त्याचे बूड कुजते. खांब दगडी तळखड्यावर उभा केला, तर तो कोरडा राहतो. पण त्याला जमिनीची पकड राहत नाही आणि घर बाजूने ढकलले गेल्यास ते उभे ठेवण्याची जबाबदारी वरच्या सांध्यांवर येते. पाड्यावरील झोपडीकडून गावठाणातील घराकडे येताना खांब मातीतून दगडावर आला. टिकाऊपणा वाढला, पण त्याबरोबर कुसू, खांदा, हस्त आणि तिरप्या आधारांची गरजही वाढली.

भूकंप व सांधे : ही गरज दुर्लक्षिल्यास काय होते, ते ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरातील भूकंपाने दाखवून दिले. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मराठवाड्यातील जुन्या घरांत लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर मातीचे जड माळवद आणि भोवती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती असत. पुष्कळ घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला, पण भिंती ढासळून माणसे गाडली गेली, कारण भिंत व सांगाडा यांच्यात बांधणी नव्हती. सांगाड्याला तिरपे आधार नसल्याने काही ठिकाणी तोही कलंडला. काश्मीरमधील धज्जी-देवारी पद्धतीत लाकडी चौकटीचे तिरप्या पट्ट्यांनी लहान लहान कप्पे पाडून त्यांत हलके भरणकाम करतात. तीत हादऱ्याची ऊर्जा असंख्य लहान सांध्यांच्या घर्षणात खर्ची पडते. लाकडी सांधा थोडा हलतो हा भूकंपात त्याचा गुण आहे. तो सुटू नये एवढीच अट.

धातूचे जोड : लोखंडी खिळे, पट्ट्या व बोल्ट यांमुळे सांधे करणे सोपे झाले व लहान तुकड्यांतून मोठ्या कैच्या बांधता येऊ लागल्या. खिळ्यांच्या सांध्यांसाठी भारतीय मानक २३६६ आणि बोल्टच्या सांध्यांसाठी भारतीय मानक ११०९६ असून लाकडी संरचनेच्या अभिकल्पासाठी भारतीय मानक ८८३ वापरतात. खिळे एका रेषेत वा कडेच्या फार जवळ मारल्यास लाकूड चिरते. म्हणून त्यांची अंतरे ठरवून दिलेली असतात. समुद्रकाठच्या दमट हवेत लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने भोवतालचे लाकूड फुटते आणि थंड धातूवर जमणाऱ्या दवाने ते आतून कुजते. सागातील तेलकट द्रव्यामुळे त्यात लोखंड तुलनेने कमी गंजते. मुंबईच्या गोदीत मलबारी सागापासून १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. उपनगरांतील दुरुस्तीत साधे लोखंड टाळून जस्तलेपित वा गंजरोधक पोलाद वापरणे श्रेयस्कर ठरते.

सांध्यांचा ऱ्हास : लाकडात वजनाच्या सुमारे शेकडा वीसहून अधिक ओल दीर्घकाळ राहिली, तर कवकांमुळे ते कुजू लागते. मुंबईत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. अशा पुरात तळखडेही पाण्याखाली जातात. एरवी सर्वांत धोक्याच्या जागा तीन : भिंतीत शिरलेली तुळईची टोके, मोरी व संडासालगतचे सांधे आणि खांबांची बुडे. कापलेल्या टोकाची तंतुरंध्रे उघडी असल्याने लाकूड टोकाकडून सर्वांत जलद पाणी शोषते, आणि सांधा नेमका टोकालाच असतो. रसकाष्ठ (सालीलगतचे फिकट लाकूड) वाळवीला लवकर बळी पडते. म्हणून साग व ऐन यांचे अंतःकाष्ठच सांध्यात यावे, असा कसबी सुतारांचा कटाक्ष असतो.

देहरादून येथील वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३० नंतरच्या दशकात तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे परिरक्षक शोधून काढले व ते जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे घरगुती वापरावर पुढे अनेक देशांनी बंधने घातली. परिरक्षक कोणतेही असो, खाचा व भोके पाडून झाल्यावरच लाकडाला ते द्यावे; आधी देऊन मागाहून कापल्यास सांध्याचा नेमका अंतर्भाग उघडा राहतो.

अलीकडच्या दुरुस्त्यांत एक चूक वारंवार होते. खांबाच्या बुडाभोवती सिमेंटचा गिलावा करतात किंवा लाद्या बसवितात. मातीचा लेप ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते. बाहेरून घर नवे दिसते आणि आत खांब पोकळ होत जातो.

तपासणी व दुरुस्ती : सांध्याची तपासणी साध्या साधनांनी होऊ शकते. हातोडीने ठोकल्यावर निरोगी लाकूड खणखणीत, तर कुजलेले लाकूड भदभद वाजते. टोच्या सहज आत गेल्यास कुज पसरली आहे असे समजावे. तुळई भिंतीजवळ खाली झुकणे, खांद्यापाशी फट पडणे, दारे अचानक अडकू लागणे, मातीची वाळवीची नळी दिसणे ही पूर्वसूचक लक्षणे होत. दुरुस्तीपूर्वी तुळईला तात्पुरता धिरा देऊन भार उतरवावा लागतो. नंतर कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीचा, नीट वाळविलेला तुकडा तिरकस जोडाने व बोल्टने जोडतात अथवा दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावतात. भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती हवा खेळण्यास जागा ठेवतात. एवढ्याने बहुतेक तुळया पूर्ववत काम देतात. संपूर्ण तुळई बदलण्याची गरज क्वचितच पडते.

सद्यःस्थिती : मुंबई शहर बेटावरील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या अधिनियमान्वये स्वतंत्र मंडळ स्थापन झाले व १९७७ मध्ये ते महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात समाविष्ट झाले. उपनगरांतील इमारती या उपकरयोजनेत येत नाहीत. तेथील जुनी घरे व चाळी यांच्या सांध्यांची काळजी मालक व रहिवासी यांनाच घ्यावी लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. मात्र काँक्रीटची तपासणी व लाकडाची तपासणी यांची तंत्रे वेगळी असून दुसऱ्या प्रकारची जाण असलेले अभियंते व सुतार थोडे आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये नव्या बांधकामातील लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठविली. मधल्या काळात एक पिढी हे कसब न शिकताच पुढे गेली.

लाकडी इमारत काँक्रीटच्या इमारतीप्रमाणे एकसंध नसते. ती सुट्या घटकांची असते, आणि म्हणून एकेक घटक बदलून ती चालू ठेवता येते. खुंटी काढावी, कुसू बाहेर ओढावे, कुजलेला तुकडा बदलावा आणि पुन्हा खुंटी मारावी, ही सोय जुन्या सुताराने सांध्यातच करून ठेवलेली असते. तिचा उपयोग पावसाळ्यापूर्वीच्या नियमित पाहणीत केला, तर ही घरे राहती राहतात. न केल्यास बाहेरून न दिसणाऱ्या एका टोकापासून ती खचू लागतात आणि त्याची किंमत आत राहणाऱ्यांना मोजावी लागते.